आतड्यातील कृमिसंसर्ग : शरीराचा प्रतिकार आणि आतड्याची हानी

मातीतून पसरणारे गोल जंत, चाबूककृमी आणि अंकुशकृमी आतड्यात वस्तीला आले, की शरीर त्यांच्याविरुद्ध एक खास प्रकारचा प्रतिकार उभा करते. आतड्याची जी हानी होते, तिच्यातील काही वाटा कृमींचा असतो आणि काही या प्रतिकाराचा. ‘गोड खाल्ल्याने जंत होतात’ हा घरोघरचा समज निराधार आहे. संसर्ग होतो तो विष्ठेने दूषित झालेल्या मातीतील अंडी पोटात गेल्याने किंवा अळ्या त्वचेतून शरीरात शिरल्याने.

जिवाणूला पांढरी पेशी गिळू शकते, पण वीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या गोल जंताला गिळणे कोणत्याही पेशीला शक्य नसते. त्यामुळे त्याला ढकलून बाहेर काढणे हाच शरीराचा मुख्य मार्ग ठरतो. आतड्याच्या अस्तरात विरळ विखुरलेल्या टफ्ट पेशी कृमीची चाहूल घेऊन इंटरल्यूकिन-२५ हे संदेशद्रव्य सोडतात, ही गोष्ट २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. या संदेशाने जाग्या झालेल्या लसिकापेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इंटरल्यूकिन-१३ हे दुसरे संदेशद्रव्य तयार करतात. त्यामुळे श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींची संख्या वाढते, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि अस्तरातील जुन्या पेशी नेहमीपेक्षा लवकर गळून त्यांच्याबरोबर कृमीचीही पकड सुटू लागते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि आयजीई प्रकारची प्रतिपिंडे प्रामुख्याने ऊतींतून प्रवास करणाऱ्या अळ्यांवर चालून जातात.

या प्रतिकाराची किंमत आतड्यालाच मोजावी लागते. मास्ट पेशी या प्रतिकारपेशींमधून बाहेर पडणारी विकरे अस्तरातील पेशींमधले घट्ट सांधे सैल करतात. त्यामुळे पाणी आतड्याच्या पोकळीत येऊन कृमी वाहून जाण्यास मदत होते खरी, पण त्याच फटींतून नको ते पदार्थ आत झिरपतात, आणि रसांकुर (अस्तरावरचे अन्न शोषणारे बारीक उंचवटे) आखूड झाल्यास अन्नशोषणाचे क्षेत्रही घटते. यावर आवर घालण्यासाठी नियामक टी-पेशी या लसिकापेशी आणि इंटरल्यूकिन-१० हे संदेशद्रव्य पुढे येतात. कृमीही दाह दडपणारी द्रव्ये सोडतात आणि त्यामुळे वर्षानुवर्षे टिकून राहतात. पोट दुखत नाही, ताप येत नाही, आणि नेमक्या याच शांततेमुळे नुकसान उशिरा लक्षात येते.

सर्वांत गंभीर नुकसान अंकुशकृमी करतो. जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा हा कृमी लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा तोंडात ओढून घेतो, रक्त गोठू न देणारे द्रव्य सोडतो आणि जागा बदलली तरी जुनी जखम काही काळ पाझरत राहते. ‘अँकिलोस्टोमा’ जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर, तर ‘नेकॅटर’ जातीचा सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्तहानी घडवतो. पहिल्या जातीचे शंभर कृमी असले, तर रोज १५ ते २० मिलिलिटर रक्त जाते. चाबूककृमी आपले बारीक पुढचे टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात खुपसून राहतो. संसर्ग तीव्र असेल तर मुलांना रक्तमिश्रित जुलाब होतात, क्वचित गुदभ्रंशही होतो, म्हणजे गुदाशय बाहेर येतो.

अंकुशकृमीच्या अळ्यांना ऊब, ओल आणि सावली लागते. पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात कोरडवाहू ज्वारीच्या तापलेल्या रानात त्या तग धरू शकत नाहीत. मात्र उजनी धरणाच्या पाण्यावर भिजणारे उसाचे फड आणि केळीच्या बागा यांत ओल व सावली दोन्ही असतात, आणि तिथे उघड्यावर शौच होत असेल तर अनवाणी खुरपणी करणाऱ्या बाईच्या पायातून अळी सहज आत शिरते. गोल जंताच्या जाड कवचाच्या अंड्यांना एवढी ओल लागत नाही. घराभोवतीच्या मातीतही ती दीर्घकाळ टिकतात.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला २०१५ मध्ये सुरुवात झाली. १० फेब्रुवारीला अंगणवाडी व शाळांमधून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडॅझोल हे जंतनाशक दिले जाते. २ वर्षांवरील मुलांसाठी मात्रा ४०० मिलिग्रॅमची असते, त्याहून लहान मुलांना तिच्या निम्मी. खुरपणीला जाणारी प्रौढ स्त्री या वयोगटाबाहेर राहते, ही या योजनेची ठळक उणीव म्हटली पाहिजे. गरोदरपणी पहिली तिमाही उलटल्यावर तिला ही गोळी मिळू शकते, पण ती तेवढ्यापुरतीच. एका मात्रेने गोल जंत बहुधा पडून जातात, चाबूककृमी मात्र पुष्कळदा उरतो. कृमी गेल्यावर आतड्याचे अस्तर लवकर भरून येते, पण रक्तहानीने घटलेला शरीरातील लोहाचा साठा भरून निघण्यास महिने लागतात. त्यामुळे पंडुरोग (रक्तक्षय) असलेल्या रुग्णाला जंतनाशकाच्या जोडीला लोहाच्या गोळ्या, आणि त्या हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही काही महिने, द्याव्या लागतात.