जात्यावरच्या ओव्या दफ्तरी कशा आल्या

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, त्यांतले बहुतेक मोडी लिपीत. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. कोणाचे इनाम खरे, सारा कोणाकडून घ्यायचा हे त्यांना ठरवायचे होते. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला बळ मिळाले आणि कागदांची छाननी वाढली. दफ्तराची आजची इमारत 1891 ची. कागद रुमालांत बांधलेले आणि रुमालांची विभागणी जुन्या कारभारातली : शाहू दफ्तर, घडणी, पागा, जमाव, प्रांत अजमास.

या विभागणीत दळणाऱ्या बाईसाठी रुमाल नाही. बायका आणि दलित या कागदांत आहेत, पण कुणबिणीच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासीच्या, खरेदीच्या नोंदीत किंवा महारांच्या वतनाच्या तंट्यात. त्यांच्याविषयी लिहिले ते कारकुनाने. पुढे गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड काढले. सामाजिक आणि आर्थिक व्यवहारांनाही त्यांत जागा आहे, मात्र मोठा भर राजकारण आणि मोहिमांवर. काय जमवायचे हे एकदा महसूल खात्याने ठरवले आणि काय छापायचे हे नंतर इतिहासकारांनी. दोन्ही वेळा एकाच बाजूची माणसे गाळली गेली.

कागदाला कागद जोडून ही उणीव भरत नाही, कारण ज्यांना अक्षर शिकू दिले नाही त्यांचे कागद मुळात कमी. त्यांचे म्हणणे ओवीत होते. पहाटे दोघी जात्याला बसत, खुंटा फिरवत, एकीने ओळ म्हटली की दुसरी उचलत असे. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि गाण्याचे निमित्तच गेले.

हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी 1980 च्या दशकापासून पुण्याजवळच्या डोंगरी गावांतून या ओव्या जमवण्याचे काम उभे केले. ओव्या जमवणाऱ्यांत मुळशी तालुक्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायकाही होत्या. सगळ्या कामात अशा बायकांना जमवायला घेण्याचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. अनोळखी माणसापुढे बाई देवाच्या ओव्या म्हणते. सासू, नवऱ्याचा मार, सवत, भावाने न विचारणे हे ती आपल्यासारख्या बाईपुढेच काढते. जमवणारा बदलला की जमलेले बदलते. संग्रह वाढत 1,000 हून अधिक गावांतल्या 1,10,000 च्या आसपास ओव्यांपर्यंत गेला. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी संगणकावर माहितीसंच बांधला आणि सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण झाले.

खरा फरक नोंदीत आहे. ‘लोकगीत, पुणे जिल्हा’ एवढ्यावर भागवण्याची जुनी रीत होती, त्यात गाणारीच नाहीशी होई. इथे गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुले, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख येते. जातीचा रकाना खटकू शकतो. पण तो काढला, तर माजलगावच्या भीमनगरातल्या बाईची बाबासाहेबांवरची ओवी कोणत्या अनुभवातून आली ते कळणार नाही, आणि सगळा संग्रह एकाच जातीचा समजला जाईल. रकाना हवाच, जात काय लिहायची हे मात्र बाईला विचारून ठरवावे. माहेरही टिपावे. ओव्या लग्नाबरोबर प्रवास करतात. मुद्रण सासरी झाले म्हणून मावळातली ओवी मराठवाड्याची ठरू नये.

शब्द उतरवताना चूक होते ती शुद्धलेखनाच्या सवयीने. ‘माझ्या ग बाईचं’ याचे ‘माझ्या बाईचे’ केले, की मात्रा मोडते आणि ओळ चालीत बसत नाही. आधी उच्चाराप्रमाणे लिहावे. प्रमाण मराठीतला अर्थ वेगळ्या रकान्यात द्यावा. मुद्रणात जात्याची घरघर शब्द गिळते. त्यामुळे माईक जात्यापासून दूर, तोंडाच्या उंचीवर धरावा आणि तीच ओवी एकदा जाते थांबवून म्हणवून घ्यावी.

टेपचा धोका वेगळा. दमट हवेत चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटा सुटतो, टेप यंत्राला चिकटते. शिवाय वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. म्हणून टेप संगणकावर उतरवतात. त्यासाठी ध्वनिसंग्राहकांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन किमान 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट सांगते. त्याच्या दुप्पट, म्हणजे 96 किलोहर्ट्‌झला दोन वाहिन्यांचा एक तास सुमारे 2 जीबी होतो, म्हणजे 120 तासांना 250 जीबी. आज जागेचा हा खर्च क्षुल्लक आहे. महाग पडते ते प्रत्येक ध्वनिफितीला योग्य ओवी आणि योग्य नाव जोडणे. हे मुद्रण आधी गुडगावच्या संगीत-अभिलेखागारात आणि पुढे फ्रान्समधल्या भाषासामग्रीच्या भांडारात जपले गेले. 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट ते ओवी, भाषांतर आणि गायिकेच्या माहितीसह खुले करू लागली. तिची माणसे गायिकांच्या गावी परत गेली, काहींचे नव्याने चित्रीकरण झाले, काही जणी तोवर वारल्या होत्या.

संग्रहातल्या बहुसंख्य ओव्या मात्र फक्त शब्दांत आहेत. चाल मुद्रित झाली ती थोड्यांचीच. ती चाल आज बहुतेक म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक आहे. गावागावांत पुन्हा मुद्रण करायचे असेल, तर आधी या नुसत्या शब्दांच्या ओव्यांची गाववार यादी काढावी आणि जिथे गायिका हयात आहे तिथे आधी जावे.