कथेचं पाकीट स्वतःलाच पाठवलं की कॉपीराइट मिळतो?

सांगलीत नव्याने लिहिणाऱ्यांपर्यंत हा सल्ला हमखास पोचतो: कथेची प्रत पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा, पाकीट फोडू नका, तरच हक्क तुमचा.

मुळात हक्क पाकिटामुळे मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतःचं लेखन कागदावर उतरलं की तो आपोआप मिळतो. नोंदणीचीही सक्ती नाही. मात्र नोंदणी प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कलम १३ आणि ४८ वाचून खात्री करा, कायदा इंटरनेटवर मोफत आहे.

खरी गफलत पुढे होते. संरक्षण मांडणीला असतं, कल्पनेला नाही. मिरजेच्या सतार घडवणाऱ्या कारागिरावर दोघांनी आपापल्या शब्दांत कथा लिहिली, तर ती चोरी नव्हे. म्हणून विषय लपवत बसू नका. खर्डे तारखेसकट जपा, मासिकाला पाठवलेला ईमेल पुसू नका.