आधी बोट, मग कान, आता दोन्ही

पणजीत जानेवारी २०२३ मधे दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हापासून गोव्यात ॲक्सेसिबिलिटीबद्दल, म्हणजे सगळ्या सोयी दिव्यांगांनाही वापरता याव्यात याबद्दल, बरंच बोललं जातंय, पण अजून पुष्कळांना वाटतं की अंधांसाठी टेक्नॉलॉजी म्हणजे बोलणारा फोन, झालं. खरं तर सुरुवात बोटापासून झाली. १८२४ च्या सुमारास पॅरिसमधे लुई ब्रेल या पंधरा वर्षांच्या अंध मुलाने चार्ल्स बार्बिए या फ्रेंच माणसाची, उंचवट्याचे ठिपके बोटाने वाचायची बारा ठिपक्यांची पद्धत सहावर आणली, कारण बारा ठिपके एका बोटाखाली मावत नव्हते. भारतीय भाषांसाठीची आपली भारती ब्रेल १९५१ ची, मराठी त्यातच.

मधलं एक मशीन मात्र लोक विसरलेत, ऑप्टॅकॉन, १९७१ चं. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांनी आपल्या अंध मुलीसाठी केलेलं. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून सरकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट १४४ बारीक पिनांवर ठेवायचं आणि जे अक्षर असेल त्याच आकारात पिना बोटाखाली थरथरायच्या, म्हणजे ब्रेलमधे नसलेलं पुस्तकही वाचता यायचं! शिकायला चिकाटी लागायची, वेगही कमी. १९७६ ला रे कर्झवाइल या अमेरिकन संशोधकाचं छापील मजकूर मोठ्याने वाचणारं मशीन आलं, पुढे कॉम्प्युटरवर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आले, २००६ ला ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर चक्क फुकट दिला.

मग टचस्क्रीन आली, बटणंच नाहीत तर बोटाला कळणार काय? २००९ ला आयफोनमधे व्हॉइसओव्हर आलं, काचेवर बोट फिरवा, खाली जे असेल ते फोन सांगतो, हवं ते सापडलं की दोनदा टॅप. जागा बोटाला कळते, नाव कानाला.

मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नुसत्या आवाजावर भागत नाही. जुलैत मडगावच्या बस स्टँडवर पाऊस कोसळतोय, कंडक्टर पणजी पणजी ओरडतायत, तिथे फोन काय बोलतो ते ऐकू येणार नाही आणि हेडफोन घातला तर बसचा आवाज जातो. तिथे हाताला कळेल असंच काहीतरी हवं. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन अशीच, पांढऱ्या काठीवर बसवायची, गुडघ्याच्या वर काही आडवं आलं की मूठ थरथरते.

आणि पायाखालच्या त्या उंचवट्याच्या पिवळ्या टाइल्स, त्या जपानच्या सेइइची मियाके यांच्या, १९६७ ला ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे रस्ता किंवा पायरी आहे. त्यांच्यावर कुणी स्कूटर लावली की काठी तिच्यावर आपटते आणि माणसाला फुटपाथ सोडून ट्रॅफिकमधे उतरावं लागतं.