कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

पावसाळ्यात नदीला वाट मोकळी ठेवून, पूर ओसरल्यावर पाणी अडवणारा बंधारा. सरकारी कागदांत ‘को. प. बंधारा’, शेतकऱ्यांच्या तोंडी नुसता ‘केटी’, म्हणजे इंग्रजी ‘कोल्हापूर टाइप’.

नदीत आडवी पक्की भिंत घातली की तिच्यामागे गाळ साचतो. पांझरा-मोसम खोऱ्यांतल्या फड बंधाऱ्यांची, म्हणजे सामूहिक सिंचनाच्या जुन्या बंधाऱ्यांची, भिंत पक्कीच असते. पण तिथे पाण्याची पातळी उंचावून ते पाटात वळवायचे असते, साठ्याची फिकीर नसते. पंचगंगेच्या खोऱ्यात साठा हवा होता, तोही काठची शेते न बुडवता. त्यावर निघालेला तोडगा साधा आहे: भिंतच काढता यावी.

पात्राच्या तळाशी बुटका उंबरठा, त्यावर ओळीने खांब आणि खांबांना उभ्या खाचा. या खाचांतून बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, एकावर एक खाली सोडतात. लाकडी बर्ग्यांच्या दोन रांगा लावून मधल्या पोकळीत माती ठासली जाई. लोखंडी बर्ग्यांना गळती रोखायला रबरी पट्ट्या लावतात. पावसाळ्यापूर्वी बर्गे निघतात आणि पुराबरोबर गाळही खांबांमधून निघून जातो. खरे कसब बर्गे घालण्याची वेळ साधण्यात आहे. घाई केली तर परतीच्या पावसाचा लोंढा त्यांवर आदळतो, उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

साठा पात्रातच राहतो, त्यामुळे कालवा लागत नाही. काठावरचे शेतकरी मोटारीने पाणी उचलतात. भोगावतीवरील राधानगरी धरणातून सोडलेले पाणी असे एकेक बंधारा भरत खाली जाते. खांबांवर स्लॅब टाकला की गावांना पूलही मिळतो, अर्थात पुरात तो पाण्याखाली जातो. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरील पातळी तर शहराची पूरघंटाच: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.

दोष बहुतेक देखभालीचे. बर्गे चोरीला जातात, वाकतात, गळतात. वेळेत निघाले नाहीत तर पूर बगल देऊन काठ कापतो. अडलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले की केंदाळ माजते. शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, तो दोष मात्र बंधाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीवर पुढे यंत्राने उचलायच्या उभ्या दरवाजांची बॅरेजेस बांधली गेली. त्यांना बर्ग्यांची उठाठेव लागत नाही, पण खर्च बराच जास्त येतो.