तलफ

गेल्या उन्हाळ्यात पित्त फार वाढलं म्हणून डॉक्टरांनी चहा बंद करायला सांगितलं. पहिला दिवस मी दिमाखात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळामागे असं ठणकायला लागलं की वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असणार. चष्म्याचा काही संबंध नव्हता. दिवसाला पाच-सहा कप अमृततुल्य रिचवणारं डोकं बंडाला उठलं होतं.

चहातलं कॅफीन मेंदूला ताकद वगैरे देत नाही. दिवसभराच्या जागेपणात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. पेशींवरच्या ठरलेल्या खोबणीत ते जाऊन बसलं की पेंग येते. कॅफीन त्या खोबणीत आधीच शिरतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. पण मेंदूही पक्का. रोजच जागा अडतेय म्हटल्यावर तो खोबण्या वाढवतो. मग एके दिवशी चहा मिळत नाही, सगळ्या जागा एकदम मोकळ्या होतात, अ‍ॅडेनोसिन घोळक्यानं आत घुसतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकतं. हे साधारण आठवडाभर चालतं. माझंही तेवढंच चाललं.

मग मी व्यसनी का? मानसोपचारतज्ज्ञ तसं म्हणणार नाहीत. शरीर एखाद्या गोष्टीला सरावणं वेगळं आणि व्यसन वेगळं. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या आजोबांचं शरीरही सरावतं, औषध एकदम थांबवलं तर त्यांनाही त्रास होतो. पण ते मॉर्फिनसाठी घरातली भांडी विकायला काढत नाहीत. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना, स्वतःचीच इच्छा नसताना माणूस पुन्हा तिकडे ओढला जातो, तेव्हा व्यसन म्हणायचं. आपल्याकडे त्या ओढीला नेमका शब्द आहे: तलफ.

आमच्या अमृततुल्याला लागून रिक्षास्टँड आहे. तिथले एक काका तळहातावर तंबाखूची चिमूट घेतात, नखानं डबीतला चुना काढतात, अंगठ्यानं मळतात, दुसऱ्या हातानं दोन थापा मारून भुसा उडवतात आणि बार गालात सारतात. यात सगळ्यात हुशारीचा भाग आहे चुना. निकोटिन आम्लात विद्युतभारित होतं आणि मग ते गालाच्या आतल्या त्वचेतून पार होऊ शकत नाही. चुन्यानं तोंडातली आम्लता मोडते, निकोटिन भारमुक्त होतं आणि सरळ रक्तात उतरतं. गिळलेलं निकोटिन बरंचसं यकृतात मोडून जातं, गालातून गेलेलं त्या नाक्यावर थांबतच नाही. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता कुण्या पूर्वजानं हे शोधून काढलं, याचं मला आश्चर्यही वाटतं आणि हळहळही. कारण तोच चुना गालाची त्वचा रोज भाजून काढतो, आणि तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं त्याच जखमेत मुरतात. (नुसती सुपारी खाणाऱ्यांनी हसू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तोंड दोन बोटंही उघडत नाही असे जे तरुण दंतवैद्यांकडे येतात, ते बहुधा सुपारीचेच असतात.)

सिगारेटच्या धुरातलं निकोटिन फुप्फुसांतून मेंदूत दहा-वीस सेकंदांत पोचतं. पदार्थ जितक्या झपाट्यानं मेंदू गाठतो, तितकं त्याचं व्यसन घट्ट बसतं. तरी महाराष्ट्राची खरी गाठ धुराशी नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. धूर काढणारे ३.८ टक्केच होते. बाकी सगळा कारभार गालात आणि दातांवर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तव्यावर तंबाखू भाजून घरीच मिश्री करायच्या. एकदा विचारलं, "मावशी, दिवसातून चार वेळा दात घासता?" तर म्हणाल्या, "दात कसले ओ ताई, ती लावल्याबिगर हात चालत न्हाई." व्यसन हा शब्द त्यांनी कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. ते पुरुषांचं असतं.

आता मुख्य प्रश्न. ही तलफ येते कुठून? डोपामिन हे नाव हल्ली सगळ्यांना पाठ आहे आणि त्याला सर्रास 'आनंदाचं रसायन' म्हणतात. ते बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांना फळांच्या रसाचे थेंब देऊन डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी खुणेलाच उसळू लागल्या, प्रत्यक्ष रस आला तरी ढिम्म. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. म्हणजे डोपामिन हिशेब ठेवतं: अपेक्षा किती होती, मिळालं किती. शिरा अपेक्षेइतकाच गोड निघाला की खातं बंद. दारू, निकोटिन, गर्द (म्हणजे अशुद्ध हेरॉइन) मात्र डोपामिन रसायनाच्या जोरावरच वर ढकलतात, त्यामुळे मेंदूच्या वहीत दरवेळी 'अपेक्षेपेक्षा जास्त' अशीच नोंद होत राहते, असं अनेक संशोधक मानतात. खूण दिवसेंदिवस बलवान होते.

मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी उंदरांवर काम करून याच्या पुढचं दाखवलं: आवडणं आणि हवं असणं यांची मेंदूतली यंत्रणा निरनिराळी आहे. डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेल्या उंदराच्या तोंडात साखरपाणी घातलं तर तो मिटक्या मारतो, पण समोरच्या अन्नाकडे स्वतःहून जात नाही. व्यसनात नेमकं उलटं घडतं. गोडी आटते, ओढ वाढत जाते. म्हणून "एवढी काय मजा येते रे त्यात?" हा घरच्यांचा प्रश्न चुकीच्या पत्त्यावर जातो. बहुतेकांना मजा येणं कधीच थांबलेलं असतं.

खूण म्हणजे काहीही. टपरीचा कोपरा, पगाराचा दिवस, जेवणानंतरची वेळ, ठरावीक मित्राचा फोन. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांचा १९८२ चा प्रयोग यातला सगळ्यात अंगावर येणारा. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा सुमारे एक-तृतीयांश मेले, अनोळखी खोलीत जवळपास दोन-तृतीयांश. डोस तोच. ओळखीची खोली दिसताच शरीर आधीपासून उलट तयारीला लागतं, नव्या खोलीत ते बेसावध सापडतं. डोस नसताना तीच उलट तयारी झाली, तर ती अस्वस्थता म्हणून जाणवते. तलफेचा एक मोठा हिस्सा हाच.

माळ घातल्यावर अनेकांची दारू सुटते, त्यामागे श्रद्धा आहेच. पण दिंडीत चालणाऱ्याचा रस्ता, सोबत आणि संध्याकाळही बदललेली असते, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. श्रावण पाळणाऱ्यांचं तसं नाही. "महिनाभर थेंब घेत नाही, मग मी व्यसनी कसा?" असं म्हणणारा गणपती विसर्जनाची तारीख मात्र पाठ ठेवून असतो.

इथे एक गंभीर गोष्ट. गटारीपर्यंत वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं. दारू मेंदूला दाबून ठेवते. तोल सांभाळायला मेंदू आपली उत्तेजक बाजू वाढवतो. दाब अचानक गेला की हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भास सुरू होऊ शकतात. यात माणूस दगावतोही. गर्दुल्ल्यांची टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरचा त्रास, बघवत नाही, पण ती सहसा जीव घेत नाही; दारूची घेऊ शकते. कोंडून ठेवणं हा यावर उपाय नव्हे, डॉक्टर गाठायचा. पुण्यात यासाठी नाव घ्यावं असं ठिकाण म्हणजे येरवड्याचं मुक्तांगण. गर्दच्या लाटेत तरुण पोरं वाया जाताना पाहून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी आर्थिक हातभार लावला. तिथे शरीरातून पदार्थ उतरवणं हे काम आधी होतं, पण त्यापुढचं इतकं अवघड की ते सोपं वाटावं: महिना-सव्वा महिन्यानं माणूस घरी जातो, त्याच गल्लीत, त्याच खुणांमध्ये.

मोबाइलवरच्या खेळांबद्दल थोडक्यात. जुगाराला २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी दारू-गर्दच्या पंगतीत बसवलं, आणि गेमिंगचा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत आला. पोटात काही जात नाही, तरी वही तीच. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की बोट थांबत नाही. प्रयोगातली कबुतरंही अशा वेळी दाण्याच्या आशेनं चोच मारत राहतात. पण दिवसभर रील बघणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी ठरवण्याची घाई मला पटत नाही. शाळा, झोप, मित्र सगळं सुटत चाललंय आणि तरी थांबता येत नाहीये, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर गोष्ट वेगळी.

रिक्षावाल्या काकांच्या गालात पांढरा चट्टा निघाला आणि त्यांनी तंबाखू सोडली, त्याला आता आठ महिने झाले. डबी मुळा नदीत टाकली म्हणतात. स्टँडही बदलला, आता ते नळस्टॉपला उभे असतात. परवा सिग्नलला मी त्यांच्याच रिक्षात होते. समोरच्या टपरीवर कुणीतरी दोन थापा मारल्या. काका हँडलवरचा हात काढून गप्प बसले होते, आणि त्यांचा अंगठा रिकाम्या तळहातावर गोल गोल फिरत होता.