तुर्कस्तानची लोकनृत्ये

लग्न, सुंता, लष्करी सेवेसाठी निघालेल्या तरुणाची पाठवणी आणि राष्ट्रीय सण या प्रसंगी तुर्कस्तानात नाचली जाणारी प्रादेशिक नृत्ये. प्रदेश बदलला की वाद्य, ताल, पोशाख सारेच बदलते.

सर्वांत पसरलेला प्रकार ‘हालाय’ हा पूर्व, आग्नेय व मध्य अनातोलियातला (अनातोलिया म्हणजे तुर्कस्तानचा आशियाई भाग). करंगळ्या गुंफून किंवा खांद्याला खांदा भिडवून ओळ धरायची; टोकाचा म्होरक्या (हालायबाशी) रुमाल फिरवत पावले ठरवतो. साथीला दावुल हा मोठा ढोल आणि झुर्ना. झुर्ना सनईच्याच कुळातली, पण स्वर बराच कर्कश. उघड्या मैदानात तोच हवा असतो. लय संथपणे सुरू होऊन चढत जाते. लग्नात या ओळीत कुणीही पाहुणा मधेच शिरतो, आणि ओळ वाढत राहणे ही यजमानाची शोभा. कुर्द आणि आर्मेनियन लोकांतही असेच साखळीनृत्य असल्याने हालाय फक्त तुर्कांचा म्हणणे धाडसाचे.

काळ्या समुद्राकाठी, त्राब्झोन-रिझेकडे, ‘होरोन’ चालतो. केमेंचे या तीन तारांच्या गजवाद्यावर सात मात्रांचा वेगवान ताल, आणि नाचणाऱ्यांच्या खांद्यांची थरथर. ही जाळ्यातल्या हाम्सी माशांची तडफड, असे सांगतात. कल्पना गोड आहे. मात्र डोंगरावरील उन्हाळी कुरणांच्या जत्रांतही होरोन तितकाच रंगतो.

एजियन भागातला ‘झेयबेक’ याच्या अगदी उलट: नऊ मात्रा, संथ चाल, पसरलेले बाहू आणि गुडघा जमिनीला टेकवणे. झेयबेक म्हणजे उस्मानी काळातले डोंगराळ मुलखातील सशस्त्र पुंड. त्यांचा नायक ‘एफे’. नृत्यातला ताठा तिथला.

थ्रेसमध्ये, म्हणजे तुर्कस्तानच्या युरोपीय भागात, समोरासमोर उभे राहून ‘कार्शिलामा’ नाचतात, तर कोन्या व सिलिफ्केकडे हातातले लाकडी चमचे ताल देतात. बुर्साच्या ढाल-तलवार नृत्याला वाद्यच नसते. शस्त्रांचा खणखणाट पुरतो. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री (कना गेजेसी) बायका आपल्यात नाचतात.

1932 ते 1951 या काळात ‘हाल्केव्ही’ या लोककेंद्रांनी ही नृत्ये गोळा करून रंगमंचावर आणली. त्यातून ती टिकली, पण गावोगावचे बारकावे एका साच्यात बसले. 23 एप्रिलच्या बालदिनी शाळकरी मुले सादर करतात ती बहुधा हीच मंचीय रूपे.

इस्लाममधील अलेवी-बेक्ताशी पंथाचा ‘सेमाह’ या यादीत घालू नये. तो उपासनेचा भाग आहे. 2010 मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.