पाच दिवसांचा हिशोब समुद्रात का चुकतो

सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, भीमा रायचूरकडे कृष्णेला, आणि कृष्णा हंसलदीवीला बंगालच्या उपसागराला. सोलापूरचे सांडपाणी या वाटेने जाते. मधली धरणे त्याला किती थांबवतात हा वेगळा प्रश्न. किनाऱ्याचे पाणी तपासण्याच्या पद्धतीही अशाच नदीकडून समुद्राकडे गेल्या, आणि तिथे फसल्या.

१८८८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रीत दिली. ती थोड्याफार सुधारणांसह आजही चालते. ३०० मि.लि.ची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तळाशी सोडायचे. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर पाणी मेलेले. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने मोजणी. १९१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने यावर बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात याची, मर्यादा बसवली: पाच दिवसांत लिटरला २० मि.ग्रॅ. पाचच दिवस का, तर तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला पोचतात, असा हिशोब सांगितला जातो. भीमेला तो कसा लागू पडावा! आपल्याकडे आता २७ अंशांवर तीन दिवस धरतात; उष्ण पाण्यात जिवाणू झपाट्याने खातात.

समुद्रात पहिली अडचण मिठाची. २७ अंशांवर गोड्या पाण्यात आठ मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात जेमतेम साडेसहा. म्हणून आंघोळीयोग्य किनाऱ्याचा, म्हणजे एसडब्ल्यू-२ वर्गाचा, निकष ४ मि.ग्रॅ. किंवा संपृक्ततेच्या, म्हणजे मावेल तेवढ्या प्राणवायूच्या, ५० टक्के असा दुहेरी आहे.

सीओडीत, म्हणजे घाण जिवाणूंऐवजी रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो या मोजणीत, मीठ आणखी घात करते. घाण जाळणारे डायक्रोमेट मिठातल्या क्लोराइडलाही जाळते; १ मि.ग्रॅ. क्लोराइड ०.२२६ मि.ग्रॅ. खोटा सीओडी दाखवते. समुद्रात लिटरला १९ ग्रॅम क्लोराइड, म्हणजे स्वच्छ पाण्यातही ४,३०० च्या आसपास! मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार क्लोराइडला बांधतो, पण २,००० मि.ग्रॅ.पर्यंतच. पाणी दहापट पातळ केले तर समुद्रातला खरा, अगदी थोडा सीओडी हरवतो. तिथे एकूण सेंद्रिय कार्बन मोजणेच बरे. चादर-टॉवेलच्या डाइंगचे पाणी तपासणाऱ्यांना ही डोकेदुखी घरचीच आहे: रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढावा म्हणून गडद छटेला लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढेही मीठ पडते. क्लोराइड आधी न मोजता दिलेला सीओडी अहवाल निरुपयोगीच.

धातूंची कथा तर लाजिरवाणी. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिले की समुद्रातल्या शिशाचे जुने आकडे बहुतांशी बाटल्यांचे, जहाजाचे आणि प्रयोगशाळेतल्या धुळीचे होते. तेव्हापासून बाटल्या आम्लात भिजवून घेतात आणि नमुना होडीच्या वाऱ्याकडच्या बाजूने उचलतात.

भारतात समुद्राचे पाणी तपासण्याचे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९६६ पासून उभे केले. १९७४ च्या जल कायद्याने त्याला कायद्याचा आधार मिळाला.

राहता राहिला सीओडीच्या नळ्यांतला पारा. तो बेसिनमध्ये ओतला की तोही हंसलदीवीच्या वाटेला लागतो.